निळ्या कोपऱ्यातला टॉवेल

हसायचं की घाबरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी आपली झालं तसं सांगते. माझा नवरा गेल्यानंतर आठ महिन्यांनी मी त्याची बॉक्सिंगची मॅच घालवली.

हो, गेल्यानंतर. बरोबर ऐकलंत. आणि तो कप जरा नीट धरा, चहा सांडेल. या गोष्टीत जे काही विपरीत झालं ते सांडण्यावरूनच झालं.

सुहासला तुमच्यापैकी काहींनी पाहिलं आहे. इकडे गल्फमध्ये, हमरिया फ्री झोनमधल्या एका रंगांच्या कंपनीत परचेस मॅनेजर, इस्त्रीचा शर्ट, फोनवर प्रत्येकाला 'इन्शाल्ला' म्हणणारा सभ्य गृहस्थ. फक्त नाक डावीकडे वळलेलं. नव्या माणसाला वाटायचं, हा बोलतोय माझ्याशी आणि वास घेतोय शेजारच्याचा. ते नाक तरुणपणी मुंबईत मोडलं होतं. सुहास तेव्हा बॉक्सर होता.

मला बॉक्सिंग कधी आवडलं नाही. दोन शहाण्या माणसांनी एकमेकांच्या तोंडावर मारायचं आणि तिसऱ्याने मोजत उभं राहायचं, यात बघण्यासारखं काय आहे? लग्न ठरलं तेव्हाच मी सांगून टाकलं की हा विषय घरात नको. त्याने ते पाळलं. आम्ही उम्म अल कुवैनला राहायला आल्यावर दर शनिवारी सकाळी तो त्याच्या बॉक्सर मित्रांकडे जायचा, दुपारी परत यायचा, आणि तिथे काय झालं ते मी विचारायची नाही.

त्या जुन्या आयुष्यातली एकच सवय घरात उरली होती. अंघोळ झाली की ओला टॉवेल पलंगावर टाकायचा. रोज. गादीला ओल धरायची, चादरीला वास यायचा, मी ओरडायची. तो हसून म्हणायचा, "बॉक्सरने टॉवेल कुठेही टाकावा, एक जागा सोडून."

ती जागा कुठली, हे मी कधी विचारलं नाही. एवढं लक्षात ठेवा.

मे महिन्यात तो ऑफिसच्या लिफ्टमध्ये गेला. त्याबद्दल मी फार बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

जानेवारीत हसनभाईंचा फोन आला. हसनभाई म्हणजे सुहासचं नाक मोडणारा माणूस. मूळचे रत्नागिरीकडचे, इकडे त्यांचं लाकडाचं गोदाम आहे, आमच्याच इंडस्ट्रियल एरियात. सुहास एकदा कंपनीसाठी लाकडी पॅलेट घ्यायला तिथे गेला, तर काउंटरमागच्या माणसाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, हे नाक माझ्या हातचं आहे. तेव्हापासून दोघांची मैत्री. म्हणजे मी तिला मैत्री म्हणते. शनिवारी सकाळभर भांडायचे.

हसनभाई फोनवर आधी बराच वेळ तब्येत, मुलगी, धुकं वगैरे विचारत राहिले. मग म्हणाले, "भाभी, एक सांगायचं होतं. सुहास अजून गेलेला नाही."

मी गॅस बंद केला.

"गोदामातच आहे. तुम्हाला यावं लागेल."

अशा वेळी माणसाने काय बोलावं? मी विचारलं, "जेवतो का?" खरंच तोंडातून तेच निघालं. तेही गंभीरपणे म्हणाले, नाही, फक्त बसतो.

मग त्यांनी सांगितलं. गोदामाच्या मागच्या भागात त्यांची रिंग आहे, रिंगच्या निळ्या कोपऱ्यात सुहासचं स्टूल आहे. शनिवारी सकाळी शटर उघडलं की ते स्टूल भिंतीकडे तोंड करून असतं. हसनभाई ते सरळ करून जातात, पुढच्या शनिवारी ते पुन्हा भिंतीकडे. किल्ली एकट्या हसनभाईंकडे. "रुसलाय तो," ते म्हणाले. "तुम्हाला तर माहिती, रुसला की कसा बसतो."

मला माहीत होतं. घरी भांडण झालं की सुहास खुर्ची बाल्कनीकडे फिरवून बसायचा. पण हे बाहेरच्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

मुलीला सांगितलं, म्हटलं तिला तरी भीती वाटेल. ईशा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "आई, दे आर ओल्ड अँड दे मिस हिम. जस्ट गो." बावीस वर्षांची मुलगी इतकी समंजस असली की आईला घाबरायलाही जागा राहत नाही. तर मी गेले.

त्या शनिवारी सकाळी असं धुकं होतं की फोनवर सारखे अलर्ट वाजत होते. खाडीवरून आलेलं धुकं इथे भिंतीसारखं उभं राहतं. मशिदीचा मिनार अर्धाच दिसत होता, त्याच्यावर काही नाही. मी गाडी इतकी हळू चालवली की एका मांजराने मला ओव्हरटेक केलं. गोदामापाशी पोहोचले तर शटर अर्धं वर, आतून पिवळा उजेड, आणि ओल्या लाकडाच्या वासात मिसळलेला दुसरा एक वास. मालिशच्या तेलाचा. शनिवारी दुपारी सुहासच्या शर्टाला तोच वास यायचा. मी क्षणभर शटरखाली वाकलेली तशीच राहिले.

आत तिघं होते. हसनभाई, दोन्ही हातांना बॉक्सरच्या कापडी पट्ट्या गुंडाळलेले, गळ्यात पांढरा टॉवेल, चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानाचा भाव. दुसरे शिंदे, मुंबई पोलिसांच्या टीममधून खेळलेले, आता अजमानला मुलाकडे असतात; घंटा त्यांच्या ताब्यात. आणि तिसरे पिंटोसर, रेफरी. ऐंशीच्या जवळचे, पांढरी पँट, पांढरा शर्ट, काळा बो टाय. शनिवारी सकाळी, लाकडाच्या गोदामात, बो टाय.

तिघं मला घ्यायला पुढे आले. गोदामाचा मधला भाग मोकळा होता, नुसती सपाट सिमेंटची जमीन. पण मध्ये एका ठिकाणी येऊन हसनभाई उजवीकडे वळले, अर्धं वर्तुळ घेऊन पुन्हा सरळ आले. त्यांच्यामागे शिंदे, तेही तसेच. मग पिंटोसर, तेही. तिथे काहीही नव्हतं.

मी आपली सरळ चालत गेले.

तिघांचे चेहरे एकदम आंबट झाले. शिंद्यांनी तर डोळे मिटून घेतले.

"लागलं नाही ना?" हसनभाईंनी विचारलं.

"काय?"

"खांब."

तर त्याचं असं होतं. माझगावला गोदीजवळ एक जुना हॉल होता. वर पत्रे, पत्र्याखाली कबुतरं, मध्ये ओतीव लोखंडाचा खांब. हॉल बांधणाऱ्याने तो नेमका दरवाजा आणि रिंग यांच्या मध्ये उभा केला होता. त्या हॉलच्या जागी आता टॉवर आहे. या चौघांनी तो हॉल इथे आठवणीने मांडून ठेवला होता: रिंग इथे, दरवाजा तिथे, बायकांची बाल्कनी त्या प्लायवूडच्या थप्पीवर. खांबाची जागा सुहासने पावलं टाकून ठरवली होती. आणि इतकी वर्षं एकही माणूस त्या खांबातून गेला नव्हता. मी पहिली.

मला खुर्ची दिली, बिनदुधाचा सुलेमानी चहा दिला, आणि मग ते आठवणी काढत बसले. मला त्या ऐकवण्यासाठी नव्हे, ते दर शनिवारी तसेच बसत असावेत. कुठला हॉल कुठे होता, कुठल्याचं काय झालं. शिंद्यांनी पुण्याच्या कॅम्पातली गोष्ट सांगितली. तिथे नाटकाच्या स्टेजवरच रिंग बांधायचे. हुकच्या एका ठोशाबरोबर ते दोरांमधून बाहेर गेले ते थेट वाजवणाऱ्यांच्या खड्ड्यात. खाली एक पेटी होती, तिच्यावर बसले, आणि राउंड संपेपर्यंत तिथेच बसून राहिले, कारण वर जाण्यापेक्षा ते बरं होतं. सगळे हसले. हसताना तिघांनीही एकदा निळ्या कोपऱ्याकडे पाहिलं, चौथा हसला का ते बघायला.

मीही पाहिलं. स्टूल भिंतीकडे तोंड करून होतं. स्टुलाला तोंड कसं, असं विचाराल. पाठ टेकायला एक फळी होती त्याला. ती आमच्याकडे होती.

मग हसनभाईंनी मूळ गोष्ट काढली. त्या माझगावच्या हॉलमध्ये त्यांची आणि सुहासची फायनल झाली होती. पहिला राउंड हसनभाईंचा, त्यात नाक मोडलं. दुसरा सुहासचा. तिसऱ्यात दोघं रिंगच्या मधोमध भिडले आणि हॉलचे दिवे गेले. पूर्ण अंधार, वर कबुतरं फडफडतायत, आणि त्या अंधारात कुणीतरी कुणाला तरी मारलं. दिवे आले तेव्हा दोघंही आडवे. रेफरी होते हेच पिंटोसर, त्यांना मोजता येईना, आधी कोण पडलं ते दिसलंच नव्हतं. निकाल राखून ठेवला, म्हणे पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळवू. पुढच्या आठवड्यात धोकादायक म्हणून हॉल बंद केला. हसनभाई गल्फला आले, सुहासने खेळ सोडला. ती त्याची शेवटची मॅच.

"बॉक्सर गेला की घंटेचे दहा टोले देतात," पिंटोसर म्हणाले. "एव्हरीव्हेअर. पण शेवटची मॅच पेंडिंग असेल तर नाही. मी देऊ देणार नाही. रिझल्ट फर्स्ट."

म्हणजे आता लक्षात आलं ना? निकाल नाही म्हणून टोले नाहीत, आणि टोले नाहीत म्हणून माझा नवरा स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसलेला. ते ती मॅच आज पुरी करणार होते. हसनभाई लाल कोपऱ्यातून, सुहास निळ्या कोपऱ्यातून. पण बॉक्सरच्या कोपऱ्यात त्याचं माणूस लागतं, पाणी द्यायला, तोंड पुसायला. सुहासचा कोच केव्हाच गेला. माणूस गेल्यावर कोपरा घरच्यांनी सांभाळायचा, अशी त्यांची पद्धत.

मला उठून घरी जायला हवं होतं. मला भीती वाटत होती, तिघांची नव्हे. त्या पाठमोऱ्या फळीची वाटत होती. पण दुसरंही काही वाटत होतं. आठ महिने सगळे मला सांगत होते की आता सोडून द्या, विसरा, स्वतःकडे बघा. आणि इथे तीन माणसं सांगत होती की त्याचं एक काम राहिलंय, जरा हात लावा.

पिंटोसरांनी विचारलं, "मॅडम, यू नो द रूल्स?"

आता इथे मी खरं बोलायला हवं होतं. पण त्या बो टायसमोर मला लाज वाटली. म्हटलं, "सव्वीस वर्षं बॉक्सरची बायको आहे मी."

तिघांनी आदराने माना हलवल्या.

मला एक बादली दिली, पाण्याची बाटली दिली आणि टॉवेल दिला. हिरव्या चौकटींचा. तो बघून मी सगळी भीती विसरले. माझ्या सेटमधला होता तो. हाच टॉवेल हरवला म्हणून मी लाँड्रीवाल्याशी भांडून लाँड्री बदलली होती.

शिंद्यांनी स्टूल सरळ केलं. घंटा वाजली.

हसनभाई एकटेच नाचायला लागले. तुम्ही हसाल. मीही मनात हसले, पहिलं अर्धं मिनिट. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पोट सुटलेला माणूस हवेत हात मारतोय, शिंदे घंटेपाशी बसून सांगतायत, हसनचा जॅब, सुहास खाली, सुहासचा उजवा. पण शिंदे सांगायचे त्याच्या आधीच हसनभाईंची मान हलायची. त्याच्या आधी. मग दोघं एकमेकांना बिलगले, म्हणजे हसनभाई हवेला बिलगले, आणि पिंटोसर त्यांना सोडवायला मध्ये शिरले. एक तळवा हसनभाईंच्या छातीवर, दुसरा समोरच्या रिकाम्या जागेत. तो दुसरा तळवा ज्या उंचीवर थांबला ती उंची मला पाठ आहे. आमच्या लग्नाच्या फोटोत सुहासच्या छातीशी माझं कपाळ नेमकं तिथे येतं.

मी हसायची थांबले.

घंटा झाली. शिंदे म्हणाले, वहिनी, पाणी द्या. मी स्टुलाकडे बघत राहिले. मग बाटली पुढे केली आणि काय करावं ते न कळून तिरकी केली. पाणी सरळ खाली सांडलं.

"हळू," शिंदे म्हणाले, "ठसका लागेल त्याला."

रिंगच्या जमिनीवर ताडपत्री ताणलेली होती. पाणी तिच्यात मुरत नाही, त्याचं तळं होतं. ते तळं कोपऱ्यातून हळूहळू आत सरकलं. माझ्यातल्या गृहिणीने ते पाहिलं. पण घंटा झाली आणि दुसरा राउंड सुरू झाला.

त्या राउंडमध्ये मी ओरडले. कबूल करते. नुसतं 'नाक सांभाळ' म्हणाले, पण जोरात म्हणाले. नाक आदल्या राउंडमध्येच मोडून झालं होतं, हे मला कुणी सांगितलं नाही, उलट हसनभाईंनी खेळता खेळता माझ्याकडे बघून मान लववली. राउंड संपला, मी पुन्हा पाणी पाजलं. या वेळी बराच वेळ पाजलं. तळं वाढलं.

तिसऱ्या राउंडमध्ये शिंद्यांनी ठरल्याप्रमाणे घंटेशेजारचं बटण दाबून दिवे घालवले.

बाहेर सकाळ होती, पण धुक्याची सकाळ. अर्ध्या शटरखाली एक राखाडी पट्टी, बाकी काळोख. हसनभाईंचे बूट ताडपत्रीवर घासल्याचा आवाज येत होता. आणि त्याच्या किंचित मागून आणखी एक. आता तुम्ही म्हणाल प्रतिध्वनी. असेल. गोदाम मोठं आहे. पण माझ्या गालाला वारा लागला, कुणी अगदी जवळून सर्रकन वळलं की लागतो तसा, आणि त्याला मालिशच्या तेलाचा वास होता. मग धप्प असा एकच आवाज. मग काही नाही.

दिवे आले. हसनभाई रिंगच्या मध्ये उभे होते, हात खाली. धापा टाकत होते. पिंटोसर त्यांच्याकडे बघत होते, शिंदे घंटेची दोरी धरून. इथपर्यंतचं सगळ्यांना पाठ होतं. यापुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

हसनभाईंनी निळ्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरलेले होते. ते काहीतरी पुटपुटले, गळ्यातल्या टॉवेलला हात घातला आणि एक पाऊल मागे घेतलं. थेट माझ्या तळ्याच्या दिशेने.

ऑपरेशन झालेला गुडघा. ओली ताडपत्री.

घरात पाणी सांडलं की आपण काय करतो? विचार करतो का? हातात असेल ते फडकं जमिनीवर टाकतो आणि पायाने पुसतो. मी तेच केलं. दोरांमधून टॉवेल भिरकावला, तो बरोबर पाण्यावर पडला, आणि पुसायला मी पायही आत घातला. वर म्हणाले, "थांबा, घसराल."

तिघंही त्या टॉवेलकडे बघत राहिले.

शिंद्यांनी घंटा वाजवली. हलकेच, एकदाच.

"भाभी," हसनभाई म्हणाले, "हे काय केलंत?"

"पाणी होतं."

"टॉवेल टाकलात."

"हो. पुसायला."

पिंटोसर माझ्यापाशी आले. वाकायला त्यांना त्रास होत होता, तरी वाकले, टॉवेलचं एक टोक बोटाने उचलून पाहिलं, जसं काही तो खोटा असेल. मग सरळ होऊन त्यांनी हसनभाईंचं मनगट धरलं आणि हात वर केला.

"ब्लू कॉर्नर रिटायर्ड," ते म्हणाले. "विनर, हसन."

मला तरीही कळलं नव्हतं. शिंद्यांनी सांगितलं. शिंद्यांचा आवाज फार मऊ होता, घरी जाऊन वाईट बातमी सांगायची सवय असलेल्या पोलिसाचा. म्हणाले, वहिनी, कोपऱ्यातून रिंगमध्ये टॉवेल पडला की आपला माणूस हरला. आपणच सांगायचं असतं की आता पुरे, सोडा त्याला.

एक जागा सोडून.

खरी गंमत पुढेच आहे. हसनभाई चिडले. जिंकलेला माणूस इतका चिडलेला मी पाहिला नाही. गळ्यातला पांढरा टॉवेल काढून पिंटोसरांसमोर नाचवायला लागले. त्यांनी सगळं ठरवून आणलं होतं. त्यांच्या कोपऱ्यात मुद्दाम कुणाला घेतलं नव्हतं, स्वतःचा टॉवेल स्वतःच टाकून ते सुहासला जिंकवणार होते. इतकी वर्षं दर शनिवारी 'अंधारात मीच पाडला तुला' म्हणून भांडलेला माणूस आज हरायला आला होता. मी त्यांच्या आधी हात मारला.

"सर, कॅन्सल करा," ते म्हणाले. "भाभींना माहिती नव्हतं."

"मी विचारलं होतं," पिंटोसर म्हणाले.

"हातातून सुटला असं समजा."

"हसन, टॉवेल पडला की पडला. आणि घरच्या माणसाने टाकला तर अपील नाही. खलास."

खलास म्हटल्यावर काय उरतं? मी रिंगच्या दोराला धरून उभी. त्या माणसाने मोडकं नाक घेऊन दुसरा राउंड काढला, अंधारात उभा राहिला, मेल्यावर आठ महिने स्टुलावर बसून राहिला पण मॅच सोडली नाही. आणि बायकोने फरशी पुसायला म्हणून सोडून दिली.

मग शिंद्यांनी दहा टोले दिले. निकाल होता ना आता. प्रत्येक टोला पूर्ण विरला की दुसरा. तिघंही ताठ उभे होते. मी निळ्या कोपऱ्याकडे बघत नव्हते, मला लाज वाटत होती. म्हणून मी खाली बघत होते, आणि म्हणूनच मला ते दिसलं.

रिंगपासून दरवाजाकडे, सिमेंटवर, ओली पावलं गेली होती. बुटांची. मोठी, सुटी पावलं. अर्ध्या वाटेत ती उजवीकडे वळली होती, अर्धं वर्तुळ घेऊन पुन्हा सरळ, आणि शटरखालून धुक्यात.

मी म्हटलं, ही कुणाची? हसनभाई म्हणाले, माझी नाहीत, मी रिंगमधून उतरलोच नाही. पिंटोसरही तेच म्हणाले. शिंदे म्हणाले माझी असतील. शिंद्यांच्या पायात चपला होत्या आणि ते घंटेपासून हलले नव्हते. माझी तर नव्हतीच. मी खांबातून जाते.

घाई नव्हती त्या पावलांत, एवढं मला कळलं. भांडणात माझ्यापुढे हरला की सुहास असाच बाहेर जायचा. दार आपटायचा नाही.

त्यानंतर स्टूल भिंतीकडे वळलेलं नाही. मीही शनिवारी जाते आता. हसनभाई अजून भांडतात, पण आता माझ्याशी: ते म्हणतात सुहास जिंकला, मी म्हणते निकाल लागलाय. खांबाला मी वळसा घालायला शिकले आहे. मला बसायला खुर्ची देतात, चहा देतात, शिंदे एकदा घंटासुद्धा वाजवू देणार होते. टॉवेल मात्र देत नाहीत. मी आले की तिघंही आपापले टॉवेल उचलून कपाटात ठेवतात आणि माझ्यासमोर टिश्यूचा डबा आणून ठेवतात.

त्या दिवसाचं एकच राहिलं, तेवढं सांगते आणि तुम्हाला सोडते. तो हिरव्या चौकटींचा टॉवेल मी घरी आणला. माझाच होता. धुऊन, पिळून बाल्कनीत वाळत घातला. मला नीट आठवतं, दोन चिमटे लावले होते. दुपारी आत आले तर तो पलंगावर. सुहासच्या बाजूला, चोळामोळा, चादर ओली. ईशा म्हणाली, "आय डिडन्ट टच इट, आई." मीच आणून टाकला असेन, माझं काही खरं नव्हतं त्या दिवशी.

पण सवय जाते का? तोंड उघडलंच. "सुहास, किती वेळा सांगितलंय, ओला टॉवेल…"

तिथेच थांबले. टॉवेल कुठे टाकावा, या विषयावर त्या घरात बोलायचा अधिकार आता मला उरलेला नाही.